सिंधूकाठची नगरे आणि उंबऱ्याआतली बोली

राष्ट्रगीतात ज्या प्रांतांची नावे आपण ओळीने घेतो, त्यांपैकी एक प्रांत आज संपूर्णपणे भारताबाहेर आहे. तो म्हणजे सिंध. हे नाव बदलावे, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती; २००५ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. त्या निकालाच्या कायदेशीर बाजूत आम्ही शिरत नाही. परंतु सीमाभागात राहणाऱ्या आम्हां मराठी भाषकांना भाषा आणि भूमी यांच्या नात्याचा विचार रोजच करावा लागतो. आमच्या चळवळीची सारी मांडणी एका गृहीतावर उभी आहे : भाषेला तिची भूमी हवी. हे गृहीत खरेच आहे. पण ते पुरेसे आहे काय? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच इतिहासात शोधण्याऐवजी सिंधी समाजाच्या इतिहासात शोधावे, असे आम्हांला वाटले. कारण त्या समाजाने या प्रश्नाच्या दोन्ही बाजू अनुभवल्या आहेत.

सिंधी माणूस आम्हांला परका नाही. बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या पट्ट्यात घरात लग्न ठरले की बस्ता बांधायला कोल्हापूरजवळच्या गांधीनगरची कापडपेठ गाठायची, हा जुना रिवाज आहे. या पेठेची जन्मकथा फार थोड्यांना ठाऊक असते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथील वळिवडे गावाजवळ पोलंडमधील निर्वासितांसाठी वसाहत उभारली गेली. सुमारे पाच हजार पोलिश माणसे, मुख्यतः बायका आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात तेथे राहिली. ती गेली आणि त्याच निवाऱ्यांत सिंधमधून आलेली कुटुंबे उतरली. पंचगंगेकाठच्या त्या एका माळाने पाठोपाठ दोन देशांचे परागंदा लोक पाहिले. दुसरे आले ते मात्र परत गेले नाहीत. त्यांनी तेथे पेठ वसवली.

त्या पेठेतील एका दुकानात आमचे वर्षानुवर्षे जाणे आहे. ‘‘या की पावनं, बसा. बेळगावास्नं आलायसा न्हवं?’’ असे अस्सल कोल्हापुरी स्वागत करणारे मालक साठीच्या घरातले. आमच्याशी मराठी, कापड दाखवणाऱ्या पोराशी हिंदी आणि आतल्या खोलीतील वृद्ध आईशी सिंधी, अशा तीन भाषा ते एका दमात बोलतात. एकदा आम्ही सहज विचारले, ‘‘मुलांशी कोणत्या भाषेत बोलता?’’ ते म्हणाले, ‘‘आईसंगं सिंधी, बायकोसंगं निम्मी-निम्मी, पोरांसंगं हिंदी.’’ एका वाक्यात त्यांनी तीन पिढ्यांचा हिशेब सांगून टाकला होता.

ज्या भाषेचा हा हिशेब, तिची थोडी ओळख करून घेऊ. आपण ज्याला मोहेंजोदडो म्हणतो, त्याचा सिंधी उच्चार ‘मुअन जो दडो’ असा आहे. अर्थ, मेलेल्यांचे टेकाड. त्यातील ‘जो’ म्हणजे आपला षष्ठीचा ‘चा’. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात आपण सर्वांनी सिंधीतील एक विभक्ती नकळत पाठ केलेली असते. सिंधीत आजही नामे ऱ्हस्व स्वराने संपतात : ‘घरु’, ‘हथु’, ‘कनु’. ज्ञानेश्वरी वाचणाऱ्याला हा उकार अनोळखी वाटणार नाही. आपल्या भाषेने तो वाटेत टाकून दिला, सिंधीने जपला.

सिंधीचे खरे वैशिष्ट्य मात्र तिच्या चार ध्वनींत आहे. ग, ज, ड आणि ब हे वर्ण सिंधी माणूस दोन तऱ्हांनी उच्चारतो. एक आपल्यासारखा, श्वास बाहेर सोडून. दुसरा, हवा किंचित आत ओढून. देवनागरीत लिहिताना या दुसऱ्या ध्वनींच्या खाली आडवी रेघ देतात : ॻ, ॼ, ॾ, ॿ. मराठी कानाला हा फरक चटकन कळत नाही आणि जिभेला तर तो सहजी साधतच नाही. या चार ध्वनींनी सुरू होणारे चार साधे शब्द पाहा. ॻोठ म्हणजे गाव. संस्कृत ‘गोष्ठ’पासून आलेला हा शब्द आपल्याकडे ‘गोठा’ झाला आणि सिंधमध्ये गाव झाला. ॼिभ म्हणजे जीभ. ॾाॾी म्हणजे वडिलांची आई. आणि ॿोली म्हणजे बोली, भाषा. गाव, जीभ, आजी आणि भाषा. सिंधी माणसाचे काय काय गेले आणि काय काय राहिले, याची यादी करायची तर ती या चार शब्दांतच करावी लागेल.

आधी गाव आणि नगरे. सिंधू नदी सतत पात्र बदलत आली आणि तिच्याबरोबर सिंधची नगरेही उदयास येत व लयाला जात राहिली. राजा दाहिराची राजधानी अरोर होती. ७१२ मध्ये मुहम्मद बिन कासिमच्या स्वारीत दाहीर पडला. पुढे सम्मा राजांच्या काळात ठठ्ठा भरभराटीस आले. तेथील कापड समुद्रमार्गे दूरवर जाई. १५५५ मध्ये पोर्तुगीजांनी हे शहर लुटले, तरी ते पुन्हा उभे राहिले. शाहजहानच्या काळातील तेथील मशीद आणि मकलीच्या टेकडीवरील विस्तीर्ण दफनभूमी आजही त्या वैभवाची साक्ष देतात. नदी दूर सरकली तसे बंदर गाळाने भरले आणि ठठ्ठा मागे पडले.

त्यानंतरचे हैदराबाद. निजामाचे नव्हे, हे सिंधूकाठचे हैदराबाद १७६८ मध्ये गुलामशाह कल्होडो याने वसवले. दरबारी कारभार सांभाळणारे आमिल आणि व्यापार करणारे भाईबंद, हे हिंदू सिंधींचे दोन वर्ग या नगरात घडले. इंग्रजी अमलात येथील व्यापाऱ्यांनी सिंधची कारागिरी, म्हणजे भरतकाम, लाखकाम आणि मातीची झिलईदार भांडी, मुंबईत विकायला आणली. ‘सिंध वर्क’ म्हणून ओळखला जाणारा तो माल घेऊन ते पुढे कैरो, माल्टा, जिब्राल्टर, कोबे, पनामा येथपर्यंत पोचले आणि ‘सिंधवर्की’ हेच त्यांचे नाव पडले. उत्तरेचे शिकारपूर हे सावकारांचे नगर. तेथील पेढ्यांच्या हुंड्या कंदाहार आणि बुखाऱ्यापर्यंत चालत. रेल्वे नव्हती, बँका नव्हत्या. उंटांच्या तांड्यांबरोबर केवळ शब्दाचा भरवसा प्रवास करत असे. सक्करजवळ सिंधूच्या पात्रातील बेटावर साधबेलो हे उदासी पंथाचे तीर्थ आहे. याच सक्करमध्ये १९४३ च्या जानेवारीत हेमू कालाणी या १९ वर्षांच्या तरुणाला इंग्रजांनी फाशी दिले. आणि कराची? तिचे जुने नाव ‘कलाची जो ॻोठ’, म्हणजे कलाचीचे गाव. कोळ्यांच्या त्या वस्तीचे महानगर झाले, तरी नावाच्या मुळाशी गावच होते.

इंग्रजांनी १८४३ मध्ये सिंध जिंकला आणि १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडला. म्हणजे जवळजवळ ९० वर्षे कराची, पुणे, धारवाड आणि बेळगाव ही गावे एकाच इलाख्यात नांदत होती. येथे भाषेच्या दृष्टीने एक महत्त्वाची घटना घडली. सरकारी कामकाज फारसीऐवजी सिंधीत चालवायचे ठरले. पण सिंधी लिहायची कोणत्या लिपीत? व्यापारी खुदाबादी किंवा हटवाणिका या लिपीत चोपड्या लिहीत. आपल्या मोडीसारखी ती हातावर बसलेली, झरझर चालणारी आणि बाहेरच्याला न लागणारी होती. जॉर्ज स्टॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८४९ मध्ये सिंधीचे व्याकरण देवनागरीत छापले होते. शेवटी १८५३ मध्ये अरबी वळणाची ५२ अक्षरांची लिपी मुक्रर झाली आणि शाळा, कचेऱ्या, पुस्तके तीत उभी राहिली. पुढे खुदाबादी सुधारून शाळेत आणण्याचाही यत्न झाला. त्या कामात इलाख्याच्या शिक्षण खात्यातील नारायण जगन्नाथ वैद्य हे अधिकारी अग्रभागी होते. कराचीतील सर्वांत जुन्या सरकारी शाळेला आजही नारायण जगन्नाथ यांचेच नाव आहे. मराठी वाचकाने हे नाव लक्षात ठेवावे.

सिंध मुंबईपासून वेगळा करावा, ही मागणी १९१३ च्या कराची काँग्रेसच्या वेळी मांडणारे हरचंदराय विशनदास हे हिंदू पुढारी होते. त्यांच्या मनात सिंधची स्वतंत्र संस्कृती होती, धर्म नव्हता. पुढे या मागणीला धार्मिक रंग चढला, बाजू बदलल्या, आणि १ एप्रिल १९३६ रोजी सिंध स्वतंत्र प्रांत झाला. अकरा वर्षांनी फाळणी आली, तेव्हा पंजाब आणि बंगाल यांच्या वाटण्या झाल्या. सिंध मात्र अखंडपणे पाकिस्तानात गेला. कारभाराच्या सोयीसाठी आखलेली रेषा पुढे कोणाच्या नशिबी काय आणील, हे ती आखणाऱ्याला ठाऊक नसते. सीमाभागातील वाचकांना याचा अधिक विस्तार करून सांगण्याची गरज नाही.

सुरुवातीला सिंधमध्ये पंजाबसारख्या कत्तली झाल्या नाहीत. अनेक कुटुंबांनी शेजाऱ्यांच्या भरवशावर थांबायचे ठरवले होते. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली आणि तो भरवसा मोडला. पुढच्या काळात दहा लाखांहून अधिक हिंदू सिंधी जहाजांनी मुंबई आणि काठेवाडच्या बंदरांवर, तर रेल्वेने मारवाडात उतरले. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत त्यांना ठेवले गेले. १९४९ मध्ये त्या छावणीचे उल्हासनगर झाले. पिंपरी, अहमदाबादचे कुबेरनगर, भोपाळजवळचे बैरागढ येथे वस्त्या उठल्या; इंदूर आणि वडोदरा येथील आमच्या वाचकांचे शेजारीही त्याच लोंढ्यातून आले. कच्छच्या महाराजांनी दिलेल्या १५,००० एकर जमिनीवर भाई प्रताप यांनी गांधीधाम वसवले; सिंधबाहेर नवे सिंध उभारण्याचा तो सर्वांत धाडसी प्रयत्न होता. कराचीच्या दयाराम जेठमल महाविद्यालयातील प्राध्यापकांनी १९४८ मध्ये मुंबईत जयहिंद महाविद्यालय सुरू केले. हात पसरणे या समाजाला मान्य नव्हते. रेल्वेच्या डब्यांत गोळ्या-बिस्किटे विकणाऱ्या मुलांनी पुढे कारखाने काढले, हे महाराष्ट्राने डोळ्यांनी पाहिले आहे.

धंदा उभा राहिला, शाळा-महाविद्यालये उभी राहिली. भाषेचे काय झाले? राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत सुरुवातीला सिंधीला स्थान नव्हते. जिला राज्य नाही, तिची कैफियत मांडणार कोण? तरीही साहित्यिक आणि कार्यकर्ते खपत राहिले, आणि १० एप्रिल १९६७ रोजी घटनेच्या २१ व्या दुरुस्तीने सिंधीला तो मान मिळाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला आणि सीमाभागातील मराठी माणसाच्या पदरी निराशा पडली. एका भाषेला भूमीविना मान्यता मिळाली. दुसरीला मान्यता होती, पण तिच्या पायाखालची भूमी दुसऱ्या राज्यात राहिली. दोन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या.

मान्यता मिळाली म्हणजे भाषा तरली, असे मात्र होत नाही. सिंधी कोणत्या लिपीत शिकवायची, अरबी की देवनागरी, यावर भारतातील सिंधींत उभी फूट पडली. अरबी लिपी सोडली तर साऱ्या जुन्या ग्रंथसंपदेशी आणि पलीकडच्या सिंधशी नाळ तुटते. ती धरून ठेवली तर हिंदी-मराठीच्या वातावरणात वाढणारे मूल ती शिकत नाही. दोन्ही पक्ष आपापल्या जागी खरे होते, आणि भांडण चालू असताना मुले इंग्रजी शाळेत गेली. आजोबांनी एका लिपीत लिहिलेले पत्र नातवाला वाचता येत नाही, अशी घरे आज गल्लोगल्ली आहेत. २०११ च्या जनगणनेत सिंधी मातृभाषा सांगणारे सुमारे २७.७ लाख लोक आहेत, आणि त्या आकड्यात कच्छी बोलणारेही धरलेले आहेत. सिंधी माध्यमाच्या शाळा एकेक करून ओस पडल्या. त्या कोणी सक्तीने बंद पाडल्या नाहीत.

आता सीमेपलीकडे पाहू. तेथे सिंधी भाषेला भूमी होती, लिपी होती, बहुसंख्या होती. पण गेले ते नगरवासी. हैदराबाद आणि सक्कर या शहरांत हिंदूंचे प्राबल्य होते. ते गेले आणि उत्तर भारतातून आलेल्या उर्दूभाषकांनी ती जागा भरली. १९४८ मध्ये कराची सिंधपासून तोडून केंद्राच्या ताब्यात घेतली गेली. सिंध विद्यापीठाला कराची सोडून हैदराबादला जावे लागले. १९५५ मध्ये ‘वन युनिट’च्या नावाखाली सिंध प्रांतच नकाशावरून पुसला गेला, तो १९७० मध्ये परत आला. १९४१ च्या जनगणनेत कराचीत सिंधी ही सर्वांत मोठी भाषा होती. १९५१ मध्ये ती शहरातील दर दहांमध्ये एकाचीही मातृभाषा उरली नव्हती. जुलै १९७२ मध्ये सिंधच्या विधिमंडळाने सिंधी भाषेचे विधेयक संमत केले, तेव्हा सिंधच्याच कराचीत आणि हैदराबादेत त्याविरुद्ध दंगली झाल्या. आपल्याच प्रांताच्या राजधानीत आपली भाषा मागावी लागणे, हे दुःख सिंधमध्ये राहिलेल्या मुसलमान सिंधीने भोगले. तरीही भाषा तेथे जगली. खेड्यांनी ती जगवली. शाळा आहेत, दैनिके आहेत, शेख अयाजसारखा थोर कवी त्याच मातीत झाला. ॻोठ राहिले, म्हणून ॿोली राहिली.

या दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारा एक धागा अजून तुटलेला नाही. तो म्हणजे शाह अब्दुल लतीफ भिटाई. १६८९ ते १७५२ हा त्यांचा काळ. त्यांचा ‘शाह जो रिसालो’ पहिल्यांदा छापला गेला तो जर्मनीतील लाइपझिगला, १८६६ मध्ये. एर्न्स्ट ट्रुम्प या पंडिताने तो संपादित केला. लतीफांनी लोककथांतील स्त्रियांच्या मुखाने आपले तत्त्वज्ञान सांगितले. त्यांत मारुई ही मलीर गावची मुलगी आहे. उमरकोटचा राजा उमर तिला पळवून नेतो, महालात कोंडतो, रेशमी वस्त्रे आणि दागिने पुढे ठेवतो. ती अंगावरची जाडीभरडी घोंगडी सोडत नाही, केस विंचरत नाही. तिला तिची माणसे आणि मलीरचा पाऊस हवा असतो. शेवटी राजाच हरतो आणि तिला परत पाठवतो. मुसलमान सूफीने सांगितलेली ही कथा उल्हासनगरातील हिंदू घरांतही सांगितली जाते, आणि सिंधमधील खेड्यांतही. फरक इतकाच, की इकडच्या मारुईला परत पाठवणारा कोणी भेटला नाही.

गांधीनगरच्या दुकानातील त्या आजींशी एका दुपारी आमचे बोलणे झाले. शिकारपूर सोडले तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. छप्पर घातलेली लांबच लांब बाजारपेठ, तिच्यातला थंडगार अंधार आणि लोणच्याचा वास, एवढे त्यांना नीट आठवत होते. बोलता बोलता नातू आत आला आणि ‘‘दादी, चाबी किधर है?’’ असे विचारून गेला. आम्ही म्हणालो, ‘‘आजी, तुमचा नातू गोड आहे.’’ त्या म्हणाल्या, ‘‘हां, गोड आहे. पण सगळे मला दादी म्हणतात. ॾाॾी कोण म्हणत नाय आता.’’ त्यांनी तो शब्द आम्हांला दोनदा म्हणून दाखवला. आम्ही प्रयत्न केला, तेव्हा त्या मनापासून हसल्या. सिंधमधून येताना कुटुंबाने काय काय मागे टाकले, याची मोजदाद त्यांनी केली नाही. एक आत ओढलेला श्वास त्यांच्या घरातून त्यांच्या देखत निघून चालला होता, त्याची खंत मात्र त्यांनी बोलून दाखवली.

तेव्हा आमच्या मूळ प्रश्नाकडे वळू. भाषेला भूमी हवी, हे सिंधमधील खेड्यांनी सिद्ध केले आहे. पण भूमी पुरेशी नाही, हे कराचीने दाखवले. घटनेतील मान्यता हवी. पण तीही पुरेशी नाही, हे भारतातील सिंधी घरांनी दाखवले. सीमाप्रश्नाचा न्याय मिळेपर्यंत लढा चालूच राहील, तो चालू राहिलाच पाहिजे. त्याविषयी आमच्या मनात तिळमात्र संदेह नाही. मात्र उद्या निकाल आपल्या बाजूने लागला आणि त्या दिवशी बेळगावच्या मराठी शाळेत पटावर मुलेच नसली, तर मिळालेल्या भूमीवर आपण काय नांदवणार? आणि निकाल लांबला, तरी घरात मराठी नांदत असेल तर लढ्याला पुढची पिढी मिळणारच आहे.

सिंधी आडनावांतील ‘आणी’ हा प्रत्यय बहुधा एखाद्या पूर्वजाची आठवण सांगतो. अमक्याचा वंशज, एवढाच त्याचा अर्थ. गाव सुटले तरी ते आडनाव कोठेही नेता आले. आपण बेळगावकर, निपाणीकर, खानापूरकर, कारवारकर. आपल्या ‘कर’ला गाव चिकटलेले आहे, आणि ते गाव अजून आपल्या पायाखाली आहे. त्या गावात, आपल्या घरात, आपल्या मुलाने हाक मारली की ओ कोणत्या भाषेत द्यायची, हे ठरवायला कोणत्याही आयोगाच्या अहवालाची किंवा न्यायालयाच्या तारखेची वाट पाहावी लागत नाही.